श्वासाची पट्टी

"ताई, सगळ्यात नवीनवाली टाकून देजा," असं म्हणत गिऱ्हाईक दुकानात शिरलं की माझं डोकं फिरतं.

नवीनवाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. ज्यांना या धंद्याशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर चालू केला की पडदा, माऊस, आवाज, छपाई या सगळ्यांना कामाला जुंपणारा एक मूळ प्रोग्रॅम आत बसलेला असतो. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या जावेसारखा. ती फारशी दिसत नाही, पण तिचं बिनसलं की घरात कुणालाच वेळेवर जेवायला मिळत नाही. कंपनी थोड्या थोड्या वर्षांनी तिची नवी आवृत्ती काढते आणि लोकांना वाटतं की नवी म्हणजे चांगली. साडीच्या बाबतीत ते खरं असेल. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. तिला माझी जाहिरात नको आणि मला तिचा वकील नको.

वाशीमला पाटणी चौकाच्या मागच्या गल्लीत मी कॉम्प्युटर जोडते. तयार डबा विकत नाही, एकेक भाग निवडून जोडते. सुरुवात झाली ती कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यांपासून. संगीताकडे मी वळले ती कारंज्याच्या एका भजनवाल्या गृहस्थांमुळे. त्यांनी घरीच भजनं रेकॉर्ड केली होती आणि ती ऐकवायला ते माझ्याकडे आले. मी ऐकलं. मृदंग होता, टाळ होते आणि सगळ्यांच्या मागे त्यांच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. "हा पंखा काढता येईन का?" त्यांनी विचारलं. भजनातून काढता येणार नव्हता, म्हणून मी त्यांना आवाज न करणारा कॉम्प्युटरच जोडून दिला. तिथून नाव झालं. रिसोडकडचा एक डीजेवाला तर म्हणाला, "ताई, आतमधी लाल लाईट पाह्यजे. लोकाईले दिसलं पाह्यजे का आत काईतरी चालून राह्यलं." दिले लाल दिवे. दिव्यांनी सुरांना त्रास होत नाही.

त्रास होतो तो उशिरानं. वाजवणाऱ्यानं पट्टी दाबली की सूर त्याच क्षणी यायला हवा. किंचित मागे राहिला तरी बोटं गोंधळतात. दुसरा त्रास म्हणजे 'टक'. कॉम्प्युटर मध्येच कुठल्यातरी दुसऱ्या कामाकडे बघतो आणि सुरात बारीकसा तडा जातो. अर्ज टाईप करताना तो असा क्षणभर थबकला तर कुणाला कळतही नाही. गाण्यात मात्र तो क्षण ऐकू येतो.

म्हणून संगीताचा कॉम्प्युटर जोडताना माझा सगळा जीव ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती निवडण्यात असतो. आवाजाचं यंत्र म्हणजे साउंड कार्ड एका कंपनीचं, वाजवायचा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीचा. त्यांच्यात दुभाष्याचं काम करणारे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. नवी आवृत्ती बाजारात आधी येते आणि तिची भाषा शिकलेले दुभाषे सावकाश येतात. तोवर ज्यांनी हौसेनं ती घेतली त्यांनी टकटक ऐकत बसायचं. माझा नियम साधा आहे. नवीच्या एक पाऊल मागे राहायचं. जिच्याबद्दलच्या तक्रारी जगानं करून झाल्यात आणि कंपनीनं मिटवून झाल्यात, ती आवृत्ती घ्यायची. ती उन्हात, पत्र्याखाली, जनरेटरवर वाजवून बघायची. जमली की इंटरनेट बंद, अपडेट बंद. संपूर्ण डिस्कची एक नक्कल माझ्या कपाटात. आणि डब्याच्या तोंडावर माझा कागद चिकटवायचा: 'चालू आहे. हात लावू नये.'

या कागदाला लोक हसतात. हसोत बापडे. सत्तारभाई हसले नव्हते.

सत्तारभाई मंगरूळपीरचे, बँडचे मास्तर. क्लॅरिनेट वाजवायचे. त्या तालुक्यातली कितीतरी लग्नं त्यांच्या फुंकीवर लागलेली आहेत, माझ्या धाकट्या बहिणीचंसुद्धा. एका दुपारी ते त्यांच्या बँडमधल्या गजाननला घेऊन माझ्या दुकानाची पायरी चढले आणि वर आल्यावर बराच वेळ बोललेच नाहीत. धाप लागली होती.

"फेफडे खराब झाले म्हनते डॉक्टर," शेवटी ते म्हणाले. "फुंकनं बंद करा लागते. बेटी, मले सांग, माह्या बाजा तुह्या मशीनमधी बसते का?"

त्यांचा बेत पक्का होता. आपला एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवायचा. गजानन आजवर झांज वाजवायचा आणि थोडाफार कीबोर्डही. आता त्यानं मिरवणुकीच्या गाड्यावर कीबोर्ड घेऊन बसायचं, पट्टी दाबायची आणि आवाज निघायचा तो सत्तारभाईंचा. डॉक्टरांकडून त्यांनी तेवढ्यापुरती मुभा मागून घेतली होती. थोडं फुंकायचं, थोडं थांबायचं. पुन्हा फुंकता येईल याची काही खात्री नव्हती. म्हणजे जे घ्यायचं ते आत्ताच घ्यायचं होतं, आणि घेतलेलं गेलं तर ते कायमचं गेलं. असं काम माझ्याकडे त्याआधी आलं नव्हतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून आम्ही ते केलं. ते एक सूर लावायचे, मग खुर्चीत बसून पाणी प्यायचे. मी प्रत्येक सुराच्या आधीचा आणि नंतरचा भाग कापून टाकत होते. त्या कापलेल्या भागांत त्यांचा सूर लावण्याआधी ओढलेला श्वास होता. कोरडा, मोठा, थोडा शीळ घातल्यासारखा.

"हे काहून फेकून राह्यली?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"नुसता श्वास आहे भाई. सूर नाही त्यात."

"अरे, त्याच्यावरच तर बँड चालते!" ते म्हणाले. मग त्यांनी मला सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या बँडमध्ये कुणी हात हलवून खूण करत नाही. मास्तर श्वास ओढतो, तो बाजूला उभ्या ताशेवाल्याला ऐकू जातो आणि ताशेवाला काड्या उचलतो. सूर आणि ताशा एकदम पडतात ते त्यामुळे. "माह्या साँस आयकल्याबिगर युसूफ काडी उचलत नाई. त्याच्या बापानंबी नाई उचलली."

मग आम्ही एक श्वासही जपून ठेवला. कीबोर्डची डावीकडची सगळ्यात शेवटची पट्टी तशीही गजाननला लागत नव्हती. ती श्वासाची पट्टी झाली. आधी ती दाबायची, गाड्यावरच्या भोंग्यातून श्वास निघणार, युसूफ काड्या उचलणार, आणि मग पहिला सूर.

आता आवृत्ती निवडायची होती. गजाननला अर्थातच सगळ्यात नवी हवी होती. साउंड कार्डच्या कंपनीला मी फोन लावला, तर तिथला मुलगाही फार अदबीनं म्हणाला की मॅडम, नवीच टाका. मी जुनी, मधली आणि नवी अशा तिन्ही टाकून पाहिल्या. अगदी जुनीत वाजवायचा प्रोग्रॅम उघडेचना. नवीत सगळं झोकात उघडलं. मधल्या आवृत्तीत उघडायला थोडा वेळ लागला. मग सत्तारभाईंना डोळे मिटून बसवलं आणि कुठली आवृत्ती ते न सांगता एकच चाल गजाननकडून वाजवून घेतली. नवी लावली तेव्हा ते मध्येच म्हणाले, "इथं कोनीतरी मधात खोकललं." मी परत लावली. मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा लावली, आवाज वाढवला, आणि तेव्हा कुठे ती बारीक 'टक' सापडली. मधल्या आवृत्तीवर ते डोळे न उघडता ऐकत राहिले. चाल संपली तरी उघडले नाहीत.

"हे," ते म्हणाले. "हे मी हाओ."

मी मधली पक्की केली. कुलूपबंद केली, नक्कल घेतली, कागद चिकटवला. सत्तारभाईंनी तो कागद मोठ्यानं वाचला आणि गजाननला म्हणाले, "आयकलं?" मग माझ्याकडे वळले. "किती दिस टिकीन बेटी?"

"मी हाये तोवर," मी म्हणाले. दुकानदारानं अशी हमी देऊ नये. मी दिली.

पुढच्या दोन-तीन लग्नसरायांत मशीन सुरळीत चाललं. सत्तारभाई गाड्यावर गजाननच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे आणि अनोळखी गावात लोक खाली शोधायचे की क्लॅरिनेट वाजवतोय कोण. मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी आपल्याकडे प्रत्येक जण आपापली हत्यारं पुजतो. मीही माझे पेचकस आणि सोल्डरिंगचं यंत्र पाटावर मांडते. त्यांच्या बँडची सगळी वाद्यं एका ओसरीवर मांडली जात. युसूफचा ताशा असे, आणि पितळ घासायला चिंच घेऊन सत्तारभाई स्वतः बसत. सगळी वाद्यं चकचकीत झाल्यावर गजाननची नजर माझ्या डब्याकडे गेली. त्याला चिंच लावता येत नाही, तेल देता येत नाही. आणि गजानन हा मनापासून भाविक माणूस. त्याच्या मनात आलं की सगळ्यांना नवं केलं आणि पोटाला घालणारं हे मशीनच तेवढं पारोसं राहिलं. त्यानं फोनचं इंटरनेट जोडलं, मी बंद केलेलं अपडेट शोधून शोधून चालू केलं आणि नवी आवृत्ती टाकली. वाजवायचा जुना प्रोग्रॅम त्यावर उघडेना, म्हणून त्याचीही नवी आवृत्ती उतरवली. तिनं विचारलं, जुनं सगळं नव्या पद्धतीत बदलू का? गजानननं हो म्हटलं. मग हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि माझ्या कागदाला हात लागणार नाही याची काळजी घेत नारळ फोडला.

दसऱ्याच्या सकाळी तो मोटारसायकलवर डबा गोधडीत गुंडाळून, पोटाशी बांधून माझ्या दारात हजर झाला. थोड्याच वेळात एसटीनं सत्तारभाईही आले, सोबत त्यांची मुलगी नसरीन. ती उर्दू शाळेत शिकवते. संध्याकाळी मंगरूळपीरला देवीची मिरवणूक होती आणि तिला हा बँड ठरलेला होता.

गजानन रडायच्या बेताला आला होता. "ताई, सूर वाजून राह्यले. समदे वाजून राह्यले. फक्त साँस गेला."

मी पट्टी दाबून पाहिली. काहीच नाही. नवा प्रोग्रॅम हुशार होता. ज्या रेकॉर्डिंगमध्ये सूर नाही ते खरखर समजून त्यानं साफ केलं होतं. माझ्यासारखंच, फक्त त्याला कुणी अडवलं नव्हतं.

माझा राग अनावर झाला. "कागद वाचता येत नाई तुले?"

"वाचता येते ताई. पन पूजेत कसा जुना ठेवाचा, असं वाटलं."

त्यानं मशीनवर माझ्याइतकीच माया केली होती, फक्त त्याची रीत वेगळी होती.

"आजच्या दिवस राहू द्या," तो म्हणाला. "मी मानेनं इशारा करतो युसूफले. मिरवनूक तर निंगते."

सत्तारभाई त्या मुक्या पट्टीकडे बघत होते. आता त्यांना पूर्ण वाक्यही एका दमात बोलता येत नव्हतं. नसरीन माझ्याकडे बघत होती.

"नाई," मी म्हणाले. "मागंच जायाचं."

कपाटातली नक्कल काढली, ती डिस्क लावली, आधीची मधली आवृत्ती उघडली. श्वासाचं रेकॉर्डिंग त्यात शाबूत होतं, तेवढा जीव भांड्यात पडला. पण साउंड कार्ड काही केल्या उठेना. शोधता शोधता कळलं की मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य पाटीच्या पोटात जो छोटा प्रोग्रॅम असतो, अपडेटनं तोही बदलून टाकला होता. तो पुन्हा जुना लिहावा लागणार होता. ते काम काही मिनिटांचं, पण लिहिताना लाईन गेली तर बोर्ड जागच्या जागी मरतो. तसा दुसरा बोर्ड वाशीमात नव्हता, म्हणजे संध्याकाळी सूरही नाही आणि श्वासही नाही. आणि त्या दिवसांत लाईनचा काही भरवसा नव्हता. माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी पावसाळ्यापासून दम धरत नव्हती.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. लपवण्यासारखं नव्हतं. गजानन म्हणाला, नको ताई. नसरीन म्हणाली, अब्बा सांगतील तसं. सत्तारभाईंनी छातीवर हात ठेवला आणि थांबत थांबत म्हणाले, "बिनसाँसीचा बाजा... माह्या नाई. लिही तू."

समोरच्या बॅटरीवाल्याचं दुकान सणामुळे बंद होतं, पण पूजेपुरतं शटर वर करून तो आत बसला होता. गजानन धावला आणि पूजेतलीच एक नवी बॅटरी उचलून घेऊन आला. तिच्यावर कुंकू होतं, झेंडूचं फूल होतं. मी फूल बाजूला ठेवलं, बॅटरी इन्व्हर्टरला जोडली आणि लिहायला लावलं. पडद्यावरची पट्टी सरकू लागली. निम्म्याच्या पुढे गेली आणि वरचा पंखा मंदावला. लाईन गेली. इन्व्हर्टर एकदा ओरडला. कुणी हललं नाही. गजाननचे हात जोडलेले होते, नसरीनचे ओठ हलत होते आणि मी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून ठेवलं होतं, जणू टेबल सोडलं तर बॅटरीही दम सोडील. पट्टी शेवटपर्यंत सरकली.

मशीन पुन्हा सुरू केलं. साउंड कार्डचा हिरवा दिवा लागला. मी कीबोर्ड सत्तारभाईंच्या पुढ्यात सरकवला. त्यांनी शेवटची पट्टी दाबली आणि खोलीत तो श्वास आला, मोठा, भरगच्च, निरोगी माणसाचा. त्यांनी स्वतः तसा श्वास घेऊन फार दिवस झाले होते. त्यांनी परत दाबली. परत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

"आता पूजा कर," त्यांनी गजाननला सांगितलं, "पन दुरून."

संध्याकाळी गजानननं मिरवणुकीतून फोन लावून ठेवला होता. कल्लोळात फारसं काही कळत नव्हतं. मग भोंग्यातून तो श्वास आला आणि त्यावर ताशा असा पडला की मी दुकानात एकटीच जोरात हसले.

सत्तारभाई त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. शेवटपर्यंत ते गाड्यावर बसत होते.

आता त्या आवृत्तीला कंपनीनं वाऱ्यावर सोडलंय. नवे दुभाषे येत नाहीत. व्यापारी मला म्हणतात, ताई, काळाबरोबर चला. ज्यांचं काम काळाबरोबर चालण्याचं आहे त्यांना मी रोजच नवी मशीनं देते. पण हे मशीन कुणाचं बँक खातं सांभाळत नाही, इंटरनेटला तोंड दाखवत नाही. त्याचं काम फक्त जसं होतं तसं राहण्याचं आहे. बंद पडलेल्या सायबर कॅफेंमधून त्या जातीचे बोर्ड मी हुडकून आणलेत आणि ते माझ्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेत. डिस्कच्या नकला वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, एक माझ्या बहिणीच्या घरी, तिच्या लग्नाच्या अल्बमशेजारी. माझ्यामागे हे कोण करील, याचं मात्र उत्तर माझ्याकडे नाही. ती खंत आहे. हमी देताना मी माझ्यापुरतीच दिली होती.

दरवर्षी नवरात्राच्या आधी गजानन मशीन तपासायला आणतो. यंदा नसरीनही आली होती. मी धूळ काढली, पंखा बदलला, जनरेटरवर लावून पाहिलं. गजानननं दोन चाली वाजवल्या. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. मग तो चहा सांगायला बाहेर गेला, तेव्हा ती जवळ आली.

"ताई, तेवढी एक पट्टी दाबता?"

मी दाबली. श्वास आला आणि थांबला. पुढे सूर नव्हता. नसरीनची मान खाली होती.

"तुह्या फोनमधी टाकून देऊ का?" मी विचारलं. "मले काई वेळ लागत नाई. घरी पाह्यजे तवा आयकशील."

तिनं हातातला फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली.

"नको ताई," ती म्हणाली. "फोन सारखा नवा होत राह्यते. इथंच राहू द्या."

मी पुन्हा ती पट्टी दाबली.